कोयनेच्या दोन वाटा

महाबळेश्वरच्या पठारावर ज्या पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्यांत कृष्णा आणि कोयना या दोघी आहेत. एकाच डोंगरावर जन्मलेल्या या भगिनी थोड्याच अंतरावर एकमेकींपासून दुरावतात. कृष्णा वाईच्या बाजूस उतरते. कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला बिलगून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस वाहते. हेळवाकजवळ तिला काय आठवते कोण जाणे, ती एकाएकी पूर्वेस वळते आणि पाटणवरून जाऊन कराड येथे कृष्णेला भेटते. या संगमाला लोक प्रीतिसंगम म्हणतात. तेथून ते एकवटलेले पाणी सांगलीवरून पुढे कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते. ही कोयनेची निसर्गाने आखलेली वाट होय. तिची दुसरी वाट माणसाने काढली आहे, आणि ती नेमकी उलट दिशेस जाते.

हेळवाकच्या परिसरात उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर मध्ये सह्याद्रीची एक भिंत तेवढी आड येते. भिंतीच्या अलीकडे कोयना उंचावरून वाहते. पलीकडे कोकण खोल खाली पसरलेले आहे. पाणी जितक्या उंचीवरून पडेल, तितकी त्यापासून अधिक वीज मिळते. मग कोयनेचे पाणी अडवून, डोंगर आरपार खोदून, ते कोकणात उतरविले तर? या विचारातून सुमारे १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले. डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पाणी पावणेपाचशे मीटरांच्या आसपास खाली उतरू लागले आणि १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून पहिली वीज बाहेर पडली. पुढे योजनेचे आणखी टप्पे झाले. पोफळीचे वापरलेले पाणी, ज्याला अवजल म्हणतात, कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवून अलोरे येथे त्याच्यापासून आणखी वीज काढण्यात आली. सर्व टप्प्यांची मिळून क्षमता आज १९०० मेगावॉटहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या कारखान्यांना व घरांना या विजेने मोठा हात दिला.

त्यासाठी कोयनाकाठच्या अनेक गावांनी आपली शेते, घरे आणि देवळे पाण्याखाली जाताना पाहिली. तेथील कुटुंबांना दूरच्या जिल्ह्यांत नव्याने संसार मांडावे लागले. डिसेंबर १९६७ च्या भीषण भूकंपाचीही एक वेगळी कथा आहे. पण आपण येथे पाण्याचाच मागोवा घेऊ.

धरणाच्या पायथ्याशी वीजगृह असले, तर चक्रे फिरवून बाहेर पडणारे पाणी त्याच नदीत राहते आणि पुढच्या गावांना उपयोगी पडते. एकाच पाण्याने दोन कामे होतात. कोयनेचे तसे नाही. पोफळीला उतरलेले पाणी वाशिष्ठी नदीत जाते, चिपळूणवरून वाहते आणि शेवटी बहुतांशी अरबी समुद्रास मिळते. ते कृष्णेच्या खोऱ्यात पुन्हा परतत नाही. पश्चिमेकडे गेलेला प्रत्येक थेंब वीज देतो खरा, परंतु कराडच्या खाली असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो थेंब हरवला!

कृष्णेच्या पाण्यावर एकट्या महाराष्ट्राचा हक्क नाही. म्हणून १९६९ साली न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली एक लवाद नेमण्यात आला. त्याने वाटणी ठरविताना कोयनेच्या पश्चिम वाटेलाही मर्यादा घातली. १ जून १९७४ पासून दहा वर्षे दरसाल ९७ अब्ज घनफूट, पुढील पाच वर्षे ८७, त्यापुढील पाच वर्षे ७८ आणि नंतर साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, यांहून अधिक पाणी पश्चिमेस वळवू नये, असा तो निर्णय होता. (एक अब्ज घनफूट म्हणजेच वृत्तपत्रांतला 'टीएमसी'.) मर्यादा एकदम न लादता पायरीपायरीने उतरविली, यात मोठे शहाणपण होते, असे मला वाटते. चालू कारखान्याची वीज एका रात्रीत तोडता येत नाही.

येथे तुम्ही विचाराल, पाणी कमी करावयाचे, तर मग १००० मेगावॉटचा चौथा टप्पा कशासाठी बांधला? रांजणातले पाणी तेवढेच असले, तरी त्याला मोठी तोटी बसविली म्हणजे ते हवे तेव्हा भरभर काढता येते. सायंकाळी घरोघरी दिवे लागतात, तेव्हा विजेची मागणी एकाएकी वाढते. कोळशाचे वीजकेंद्र थंड पडलेले असेल, तर ते पुन्हा सुरू होण्यास कित्येक तास लागतात. जलविद्युत काही मिनिटांत मिळते. म्हणून मोजके पाणी अचूक वेळी वापरावयाचे, हे चौथ्या टप्प्याचे काम.

आता पूर्वेकडे पाहू. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; आटपाडी, सांगोल्याकडे सहाशेही पडत नाही. त्या तहानलेल्या माळांसाठी कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उपसून टप्प्याटप्प्याने शेकडो मीटर वर चढविले जाते. ते चढविण्यास प्रचंड पंप लागतात आणि पंपांना लागते वीज! पाणी उतरते तेव्हा वीज देते, चढते तेव्हा वीज घेते. वीज नको, केवळ पाणी द्या, असे आटपाडीचा शेतकरीही म्हणू शकत नाही. धरणाच्या पायथ्याशीही ४० मेगावॉटचे एक लहान वीजगृह आहे. तेथे उंची थोडी, म्हणून वीजही थोडी. पण पाणी खोऱ्यातच राहते.

पावसाळ्यात निराळाच पेच पडतो. वीज आणि शेती या दोहोंना धरण काठोकाठ भरलेले हवे, तर पुराला थोपविण्यासाठी त्यात मोकळी जागा हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये सांगली, कोल्हापूर महापुराने वेढले गेले. धरण लवकर भरले तर पुढे अतिवृष्टीत दारे उघडावी लागतात. फार रिकामे ठेवले आणि पाऊस फिरला, तर उन्हाळ्यात हाल होतात. २०२३ साली तसाच पाऊस कमी पडून धरण पूर्ण भरले नाही. त्या हिवाळ्यात सांगलीकडून पाणी सोडण्याची मागणी झाली, आणि तिकडे वीजगृहालाही पाणी हवेच होते.

कोयनेच्या पाण्याचे वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजी संपते. पश्चिमेस किती गेले, पूर्वेस किती सोडले, शिल्लक किती, याची रोज नोंद होते. मेअखेरीस जलाशय खाली जातो, तेव्हा बुडालेल्या गावांची जुनी जोती काठाशी दिसू लागतात, आणि वहीचे नवे पान उघडून सारेजण महाबळेश्वराकडच्या ढगांची वाट पाहू लागतात.

अभ्यास

१. कोयनेच्या दोन्ही वाटा नकाशावर दोन रंगांनी रेखाटा.
२. 'अवजल', 'लवाद', 'खोरे' या शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
३. धरणात पाणी कमी आहे. पोफळीचा अभियंता आणि सांगलीचा शेतकरी यांचा संवाद लिहा. दोघांचेही म्हणणे खरे वाटले पाहिजे.