घरांतील दिव्यांचा खटका वारंवार पडतो, त्याचें कारण कसें शोधावें ?

पावसाळा लागला कीं शेतकऱ्यांच्या घरीं एक तक्रार हटकून ऐकूं येते : दिव्यांचा एमसीबी टिकत नाहीं, वर करावा तों पुन्हां खालीं पडतो. अशा वेळीं घरधनी बहुधा दोहोंपैकीं एक उपाय करितो. एक तर खटका पुनःपुनः वर ढकलीत राहतो. नाहीं तर ६ अँपिअरचा एमसीबी काढून २० किंवा ३२ अँपिअरचा बसवून घेतो. या दुसऱ्या उपायानें कित्येकदां दिवे टिकतात व घरांत समाधान होतें. परंतु दोष होता तेथेंच राहतो, आणि राखणदाराचें मात्र तोंड बांधलें जातें.

एमसीबी हा मुख्यतः तारेच्या रक्षणाकरितां असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. दिव्यांच्या ओळीस सामान्यतः दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालतात व तीस ६ अँपिअरचा एमसीबी जोडतात. तारेच्या शक्तीबाहेरचा मोठा एमसीबी बसविल्यास तार भिंतींत तापून तिचें आवरण वितळूं लागलें तरी तो पडत नाहीं. माळ्यावर कडबा व आढ्यास लाकूड असलेल्या घरांत याचा परिणाम काय होईल, तें सांगणें नको.

खटका पडण्याचीं कारणें मुख्यतः चार आहेत.

(१) अतिभार. ६ अँपिअर व २३० व्होल्ट यांचा गुणाकार १,३८० वॅट होतो. ९ वॅटचे २० एलईडी दिवे लाविले तरी १८० वॅटच होतात. म्हणजे केवळ अशा दिव्यांनीं अतिभार होणें कठीण. परंतु कोंबडीच्या पिलांना ऊब देण्यासाठीं २०० वॅटचे १० बल्ब त्याच ओळीवर घेतले, तर २,००० वॅट म्हणजे सुमारें पावणेनऊ अँपिअर होतात. अतिभाराची खूण अशी कीं, खटका तत्काळ न पडतां कांहीं वेळानें पडतो. कडबाकुट्टीचें यंत्र मात्र सुरू होतांना कित्येक पट प्रवाह ओढतें. त्यानें तो तत्क्षणींही पडेल. अशा यंत्रास स्वतंत्र जाड तार व स्वतंत्र एमसीबी पाहिजे.

(२) शॉर्ट. फेज व न्यूट्रल या तारा एकमेकींस भिडल्या कीं खटका वर करतांच पडतो. उंदरांनीं कुरतडलेली तार, भिंतींत ठोकलेला खिळा, जळका होल्डर व नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड हीं याचीं नेहमींचीं स्थानें होत.

(३) गळती. हिची दखल आरसीसीबी घेतो. त्यावर परीक्षेचें एक लहान बटण असतें, त्यावरून तो ओळखावा. फेजनें गेलेला प्रवाह न्यूट्रलनें तितकाच परत आला कीं नाहीं, याचा जमाखर्च तो पाहतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. तितकी तूट येईपर्यंत तो पडतोच. गोठ्यांतील ओला होल्डर व अंगणांतील उघडा दिवा येथें प्रथम संशय घ्यावा. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या गुरांस व अनवाणी माणसांस हीच गळती प्राणघातक होते. म्हणून पडणारा आरसीसीबी काढून सरळ जोडणी करूं नये.

(४) ढिला स्क्रू. भार थोडा असतां अर्ध्या तासानें एमसीबी पडत असेल व हातास गरम लागत असेल, तर तारेचा स्क्रू ढिला असावा, अथवा एमसीबी जुना झाला असावा.

आतां शोधाची रीत. पाट कोठें फुटला हें पाहण्यास आपण सारें शेत खणीत नाहीं, पाटाच्या कडेनें चालत जातों. तसेंच येथेंही करावें. त्या ओळीवरील सर्व बटणें बंद करावीं, प्लग काढावे व एमसीबी वर करावा. तो टिकला, तर एकेक बटण चालू करीत जावें. ज्या बटणानें तो पडेल, त्याच वाटेंत दोष आहे. मग मेन स्विच बंद करून त्या जागेचा बल्ब काढावा, व पुन्हां हीच परीक्षा करावी. आतां एमसीबी टिकला, तर बल्ब बिघडलेला. न टिकला, तर होल्डर अगर तेथपर्यंतची तार. सर्व बटणें बंद असतांही एमसीबी पडत असेल, तर दोष बटणांच्या अलीकडील तारेंत किंवा एमसीबींतच समजावा.

आरसीसीबीच्या बाबतींत एक चकवा आहे. बटण केवळ फेज तोडतें. न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून उघडी पडलेली न्यूट्रल ओल्या भिंतीस किंवा अर्थिंगच्या तारेस टेकली असल्यास, सर्व बटणें बंद असूनही, दुसऱ्या ओळीवर कांहीं चालू होतांच आरसीसीबी पडूं शकतो. असें आढळल्यास, किंवा दोष तारेंत आहे असें ठरल्यास, परवानाधारक वायरमनास बोलवावें. त्यानें मधली पेटी उघडून ओळीचे दोन भाग करावे, प्रत्येक भाग मेगरनें तपासावा, आणि सदोष अर्धाचे पुन्हां दोन भाग करावे. म्हणजे भिंत न फोडतां दोषाची जागा सांपडते. या शोधांत पडलेला खटका एकदोनदां वर करून पाहावा, अधिक नको. जळका वास आल्यास मुळींच वर करूं नये.

वायरमन येण्यापूर्वीं एका कागदावर लिहून ठेवावें : खटका कोणत्या दिवशीं व किती वाजतां पडला, पाऊस होता काय, कोणते दिवे व यंत्रें चालू होतीं, आणि पडला तो एमसीबी कीं आरसीसीबी. चार दिवसांच्या अशा नोंदीनें अर्धें काम होतें. तसेंच प्रत्येक खटक्याखालीं “माजघर”, “ओसरी”, “गोठा” अशीं नांवें लिहावीं, महिन्यांतून एकदां आरसीसीबीचें परीक्षेचें बटण दाबून तो पडतो कीं नाहीं तें पाहावें, आणि मृग निघण्यापूर्वीं गोठ्यांतील व अंगणांतील होल्डर मेन स्विच बंद करून तपासून घ्यावे.