चार दिवसांची वाट

गावच्या शिवारात एक दिवस जीपगाडी येते. दोघे-तिघे उतरतात. तिवईवर यंत्र ठेवून मोजमाप घेतात, दगडांना चुना फासतात आणि निघून जातात. विचारले तर म्हणतात, "विजेची मोठी लाईन जाणार आहे." पुढे काही महिने कोणी फिरकत नाही. मग ठेकेदाराचा माणूस बांधावर येऊन उभा राहतो.

"आबा, टॉवर तुमच्या रानात नाही, शेजारच्या गटात आहे. आम्हांला फक्त चार दिवस तुमच्या शेतातून ट्रॅक्टर आणि क्रेन न्यायची आहे. इथं एक सही करा."

आबांनी काय करावे?

आबांना आता वाचता येते. तेव्हा कागद हातात घ्यावा आणि म्हणावे, "साहेब, उद्या या. मी घरी वाचून बघतो." चांगला माणूस याचा राग मानीत नाही. जो घाई करतो, त्याचा कागद दोनदा वाचावा.

कायदा काय म्हणतो, ते आधी पाहू. आपल्या देशात 2003 चा वीज कायदा आहे. त्याच्या 67 व्या कलमात लिहिले आहे, की काम करताना नुकसान, त्रास आणि गैरसोय होईल तितकी कमी करावी. आणि जे नुकसान होईल त्याची पूर्ण भरपाई द्यावी. 2006 च्या नियमांप्रमाणे कंपनीने जमिनीच्या मालकाची किंवा कब्जेदाराची संमती आधी घ्यायची असते. मालक नको म्हणाला, तर कंपनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, लेखी परवानगी मागू शकते. शिवाय कलम 164 खाली सरकार कंपनीला जादा अधिकार देऊ शकते. मोठ्या लाईनींना तो बहुधा मिळालेला असतो. मग एकेकाच्या संमतीसाठी काम थांबत नाही.

म्हणून "माझ्या रानात पाऊल टाकू देणार नाही" एवढ्यावरच हटून बसलेला शेतकरी शेवटी बहुधा हरतो. लाईन जाते आणि बोलणी करायची वेळही निघून जाते. पण भरपाईचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. वाट कुठून, कधी आणि किती रुंद, हे ठरवण्यात आपला खरा फायदा आहे. हे बोलणे क्रेन बांधाच्या अलीकडे आहे तोवरच करावे. ती पलीकडे गेली, की ठेकेदाराचे कान जड होतात!

जमीन तीन प्रकारे लागते, हेही ध्यानात ठेवा. टॉवरच्या पायाखालची जागा, तारांखालचा पट्टा आणि जाण्यायेण्याची तात्पुरती वाट. पहिल्या दोन्हींसाठी केंद्र सरकारने 2024 साली राज्यांना सूचना दिल्या. पायाच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि खेड्यांत तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के, असा हिशेब त्यांत आहे. आपल्या जिल्ह्यात कोणता दर लागू आहे, ते जिल्हाधिकारी कचेरीत लेखी अर्ज देऊन विचारावे. तात्पुरत्या वाटेची गोष्ट निराळी. तिथे पीक, झाडे, पाईप, बांध यांचे जे नुकसान होईल ते भरून मिळते. ते मोजले तरच मिळते.

आता मोजून पाहू. पाटी घ्या. वाट 300 फूट लांब आणि 15 फूट रुंद आहे. 300 गुणिले 15 म्हणजे 4500 चौरस फूट. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. म्हणजे चार गुंठ्यांहून थोडे जास्त पीक गेले. पण कागदात रुंदी लिहिलीच नाही, आणि गाड्या वळत वळत 25 फुटांतून गेल्या, तर? 7500 चौरस फूट. जवळजवळ सात गुंठे! भरपाई चार गुंठ्यांची आणि तूर गेली सात गुंठ्यांची. एक आकडा लिहायचा राहिला, तर एवढा फरक पडतो.

दुसऱ्या दिवशी आबा आणि ठेकेदाराचा माणूस यांचे बोलणे असे झाले असे समजा.

"साहेब, चार दिवस म्हणजे कोणते चार?"

"काम सुरू झालं की चार, आबा."

"मग तारीख घाला. आणि पाया खोदायला याल, टॉवर उभा करायला याल, तार ओढायला याल. तिन्ही वेळचे मिळून चार, की दर खेपेला चार?"

साहेब डोके खाजवतात. प्रश्न बरोबर आहे. टॉवरचे काम एका दमात होत नाही. मधे महिने जातात. पहिल्या खेपेला रान मोकळे असते, दुसऱ्या खेपेला हरभरा उभा असतो. म्हणून दर खेपेला आधी लेखी कळवावे आणि दर खेपेचा पंचनामा वेगळा करावा, हे कागदात घालून घ्यावे.

"आणि पाऊस पडला तर?"

"पावसात काम बंद असतं, आबा."

"पाऊस थांबला तरी वाफसा येईपर्यंत गाडी घालायची नाही. तेवढं लिहा."

हे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. ओल्या काळ्या रानातून जड गाडी गेली, की माती दबून विटेसारखी होते. त्या पट्ट्यात पुढच्या वर्षीही पीक खुरटते. गेलेल्या पिकाचे पैसे मिळतील, पण दबलेली जमीन डोळ्यांना दिसत नाही आणि पंचनाम्यात येत नाही. तेव्हा काम संपल्यावर कंपनीने खोल नांगरट करून द्यावी, किंवा तिचा खर्च द्यावा, असे लिहून घ्यावे. खड्ड्यातली वरची काळी माती आणि खालचा मुरूम यांचे ढीगही वेगळे ठेवायला सांगावे. भरताना मुरूम खाली, माती वर.

पंचनाम्याला तलाठी, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, हजर असावेत. गाडी येण्याआधी घरच्या मुलाकडून मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. बांध, पाईप, झाडे, सगळे. झाडे एकेक मोजावीत. "काही झाडे" असे लिहिलेल्या कागदावर सही करू नये.

सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांच्या सह्या लागतात. बहिणीचे नाव असेल तर तिलाही विचारा. रान बटईने दिले असेल, तर पीक पेरणाऱ्याला किती आणि मालकाला किती, ते आधीच ठरवून लिहा. लाईन गेली तरी ही भांडणे गावात उरतात.

कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. त्यावर कंपनीच्या अधिकाऱ्याची सही हवी. एकट्या ठेकेदाराची सही पुरत नाही, कारण काम संपले की ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यात जातो. "जागा पूर्ववत मिळाली" या कागदावर सही करण्याआधी सबंध वाट पायी चालून यावे. पाईपला पाणी सोडून पाहावे. बांध फुटला असेल तर तो बांधून घ्यावा, आणि मगच सही करावी.