पुन्हा चिरा देण्याआधी

‘तीनदा चिरा दिला डॉक्टर, तरी पुन्हा भरतंच.’ शिरपूर-चोपड्याकडची तिशीतली बाई पदराआड घडीचा रुमाल धरून बसलेली असते. धाकटं मूल तीन वर्षांचं, अंगावरचं पिणं कधीच सुटलेलं. ती बाहेर गेली की बरोबरची जाऊ हळूच विचारते, ‘कॅन्सर तर नाही ना?’

बहुतेकदा नसतो. पण स्तनातली गाठ कडक, कातडी ओढलेली, काखेत अवधाण, म्हणजे दिसतं अगदी तसंच. नुसतं चाचपून किंवा सोनोग्राफीवरून खात्री देता येत नाही. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे काढावे लागतात. भरती व्हावं लागत नाही. सुई लावली की गाठ पसरते, हे खूळ डोक्यातून काढून टाका.

रिपोर्टात ‘ग्रॅन्युलोमा’ (सुजेतल्या पेशींचा पुंजका) हा शब्द आला की खरी गफलत होते. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबीच, असं डॉक्टरांच्याही डोक्यात बसलंय. सुरुवातीच्या काळात मीही तेवढ्यावर टीबीच्या गोळ्या लिहिल्या आहेत. स्तनाचा टीबी असतोच. पण १९७२ मध्ये वर्णन झालेला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हा वेगळाच आजार. बाळंतपणानंतर काही वर्षांनी येणारी ही सूज. नेमकं कारण सापडत नाही. तिला स्टिरॉइड लागू पडतं, आणि टीबी असताना एकटं स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो.

म्हणून तुकड्यांसाठी बाटल्या दोन हव्यात. एक फॉर्मेलिनची, दुसरी सलाइनची. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला तर जंतू मरतात, मग कल्चर कसलं उगवणार? पूही फेकू देऊ नका. तो कल्चरला आणि टीबीच्या सीबीनॅट तपासणीला पाठवायला सांगा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जळगाव, धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

टीबी नसेल तर घाई नको. सूज सौम्य असेल तर पुष्कळदा काही महिन्यांत, कधी वर्षभराने आपोआप ओसरते. पू साचला तर शक्यतो सुईने काढावा. गाठच कापायला गेलं की जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. स्टिरॉइड द्यायचंच झालं तर आधी साखर तपासा. मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं असेल तर त्या काळात दिवस राहता कामा नयेत.

येताना जुने सगळे कागद आणा. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. त्यातल्या काहींनी प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक वाढतं आणि ही सूज पुन्हा उलटू शकते.