छोट्या ट्रॅक्टरने डाळिंब मुळासकट निघेल का?

प्रश्न : आमची भगवा डाळिंबाची दोन एकर बाग मर रोगाने गेली. आता रान मोकळं करायचंय. जेसीबीवाला म्हणतो, लगेच करून देतो. पण फवारणीसाठी घेतलेला २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर दारात उभा आहे. त्याने झाडं मुळासकट निघतील का? बांधावर जुन्या बाभळीचा बुडखाही आहे.
– एक शेतकरी, सांगोला

उत्तर : डाळिंब निघेल. बाभळीच्या नादी लागू नका.

खुंट ओढताना एचपीपेक्षा वजन आणि चाकांची पकड जास्त कामाला येते. छोटा ट्रॅक्टर भरतो साधारण सात-आठशे किलो आणि कोरड्या, कडक जमिनीवर ओढ लावतो ती त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात. बाभळीचं सोटमूळ खोल गेलेलं असतं, तिथे ही ओढ कुठे पुरणार? बांधापुरता जेसीबी तासाच्या बोलीवर बोलवा.

डाळिंबाचं तसं नाही. त्याच्या बहुतेक मुळ्या वरच्या दोन फुटांत पसरतात. फक्त झाड जमिनीलगत कापू नका. फांद्या छाटा, पण खोडं तीन फूट उभी ठेवा. तीच तुमची पहार. तिन्ही-चारही खोडांना मिळून गुडघ्याच्या थोडं वर साखळीचा वेढा घाला. ट्रॅक्टर ज्या बाजूला ओढणार, त्याच्या उलट बाजूच्या मुळ्या आधी टिकाव-कुऱ्हाडीने तोडा. झाड खरं धरून ठेवतात त्या याच. चहूबाजूंनी चर खणत बसायची गरज नाही. आदल्या रात्री ठिबक चालवा, म्हणजे झाडाची ओळ भिजते आणि ट्रॅक्टरची वाट कोरडी राहते. १४ बाय १० फुटांवर लागण असेल तर दोन एकरांत सहाशेवर झाडं होतात. घरची माणसं नसतील तर जेसीबीचाच हिशेब स्वस्त पडेल, हेही खरं.

आता जिवाची गोष्ट. साखळी ड्रॉबारलाच अडकवा, म्हणजे मागच्या आसाच्या खाली. टॉप लिंकच्या जागी कधीच नको. झाड हललं नाही आणि चाकंही फिरली नाहीत, की इंजिनचा सगळा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्यात जातो. ओढ आसाच्या वर असेल तर ट्रॅक्टर मागे उलटतो, तोही पाय क्लचवर जायच्या आत. लो-फर्स्टमध्ये हळू क्लच सोडा, साखळी ताठ होऊ द्या, मगच जोर लावा. झटके देणाऱ्याला गावात पैलवान म्हणत असतील, पण साखळी तुटते ती झटक्यानेच. नायलॉनचा दोर तर वापरूच नका. तो ताणला जातो आणि तुटला की हुकासकट मागे येतो. बघ्यांना लांब उभं करा, पोरांना तर बांधापलीकडे.

निघालेलं झाड शेजारच्या जिवंत बागेतून ओढत नेऊ नका. मर रोगाची बुरशी मुळांत आणि त्यांना चिकटलेल्या मातीत असते. खोड आडवं कापून पाहा, लाकडात करडे-तपकिरी डाग दिसतील. झाडं त्याच रानाच्या कोपऱ्यात जाळा. मग कल्टिव्हेटर मारून तुटलेल्या मुळ्या वेचा, त्याही जाळा. दुसऱ्या रानात जाण्याआधी टायर, फाळ, टिकाव धुऊन घ्या. एवढं केलं तरी तिथे लगेच पुन्हा डाळिंब लावणं शहाणपणाचं नाही.

एक काम मात्र मुळ्या जाळण्याआधी करा. बारीक मुळ्या हातात घेऊन पाहा. त्यांवर गाठी दिसल्या तर रानात सूत्रकृमीही आहेत. मग टोमॅटो, वांगी, भेंडी टाळा, कारण त्यांवर हे सूत्रकृमी आणखी वाढतात. आधी झेंडू घ्या.