ताहितीला जाताय? आधी वार बघा

ऑकलंडहून शनिवारी दुपारी निघालेलं विमान ताहितीला शुक्रवारी रात्री उतरतं. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, म्हणून पाच तास उडून माणूस आदल्या दिवशी पोचतो. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनीच घोकलेलं असतं, आमच्या टूरवाल्यानेही घोकलं असणार. तरी त्याने हॉटेल शनिवारपासूनचं धरलं होतं. फाआच्या विमानतळावर युकुलेली वाजत होती, येणाऱ्यांना तियारेची फुलं मिळत होती (आपल्या अनंताच्याच जातीतलं फूल, वासही तसाच घमघमीत) आणि आम्ही चौघं अपरात्री बॅगांवर बसून खोल्या शोधत होतो. मिळाल्या, पण दामदुप्पट देऊन. तेव्हा तिकीट हातात आलं की उतरण्याचा वार आणि तारीख हॉटेलच्या पावतीशी स्वतः ताडून बघा. टूरवाल्यावर सोडू नका.

त्याच्या कागदावर पुढे ताहिती, मोओरेआ, बोराबोरा, रांगिरोआ अशी रांगच होती, आणि शेवटी ‘जमल्यास मार्केसास’. हे ‘जमल्यास’ वाचून आमच्या ताहितीतल्या पपीते शहरातल्या हॉटेलातली बाई खळखळून हसली. मार्केसास पपीतेहून सुमारे १४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही लांब. फ्रेंच पॉलिनेशियात पाच द्वीपसमूह, शंभरावर बेटं, आणि त्यांचा पसारा पश्चिम युरोपएवढा. नकाशावर ते ठिपके चिकटलेले दिसतात, कारण मधला समुद्र कोणी मोजत नाही. बेटांमधली विमानं छोटी, पंख्याची. काही बेटांवर ती रोज जातही नाहीत. बोराबोराचा विमानतळ तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी कडेच्या एका वेगळ्या बेटावर बांधलेला, त्यामुळे उतरल्यावर पुन्हा होडी. प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस हमखास जातो. आम्ही तिथेच बसून निम्म्या कागदावर काट मारली.

दहा-बारा दिवस असतील तर तीन बेटं पुरेत. त्यातलं एक डोंगराचं असावं आणि एक प्रवाळाचं. डोंगराचं म्हणाल तर माझं मत मोओरेआला. ताहितीहून जेमतेम १७ किलोमीटर, फेरीबोटीने पाऊण तासाच्या आत, आणि खिशाला जरा तरी झेपणारं. पाण्यावरचे ते बंगले फोटोत सुरेख दिसतात, पण त्यांचे पैसे ऐकल्यावर झोप लागणार कशी? घरगुती ‘पान्सिऑं’मध्ये उतरा. सकाळची न्याहारी आणि रात्रीचं जेवण त्यातच धरून मिळतं का, ते आधी विचारा. लहान बेटावर रात्री बाहेर जेवायला जाणार कुठे?

शाकाहाऱ्यांनी तर इकडे विशेष लक्ष द्यावं. फाकारावासारख्या प्रवाळबेटावर माती अशी नाहीच, पायाखाली सगळा पोवळ्यांचा चुरा. भाजी ताहितीहून जहाजाने येते. जहाज लागलं त्या सकाळी दुकानात कोबी, गाजर, टोमॅटो होते. संध्याकाळी फळीवर कांदे-बटाटे तेवढे उरले होते. मासे मात्र मुबलक. लिंबू पिळून नारळाच्या दुधात कालवलेला कच्चा ट्यूना हे तिथलं रोजचं जेवण, आणि मासे खाणाऱ्याने ते चुकवू नये. आमच्यातल्या शाकाहारी जावेला तारलं ते ‘उरू’ने. उरू म्हणजे कोकणातला नीरफणस. आपण त्याचे काप करतो, तिथे अख्खा विस्तवात टाकतात. साल कोळशासारखी काळी झाली की सोलायची, आत पांढरा, पिठूळ गर. जावेने पिशवीतली मेतकुटाची पुडी काढून त्यावर भुरभुरली. घरमालकिणीनेही चाखलं आणि उरलेली पुडी मागून घेतली. थेपले, मेतकूट, चटण्या न्या; ताज्या फळभाज्या मात्र नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात.

व्हिसाचं एकच सांगते. ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेनमध्ये येत नाहीत. ‘फ्रान्सचा व्हिसा आहे ना, मग झालं’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, व्हिसा केंद्रातून लेखी खात्री करून घ्या. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर नुसतं बदलण्यासाठीही भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. चलन पॅसिफिक फ्रँक, युरोला बांधलेलं: हजार फ्रँक म्हणजे ८.३८ युरो. रोकड पपीतेतच काढा, लहान बेटांवर एटीएमचा भरवसा नको.

नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे, चिकचिकीचे महिने. नाताळच्या आणि बरेचदा दिवाळीच्याही सुट्ट्या त्यातच येतात, म्हणून शक्य तर मे ते ऑक्टोबरमधली रजा टाका. पोवळ्यांवर चालायला रबरी बूट हवेतच. आणि परतीच्या आधीची रात्र पपीतेत काढा. बेटावरचं छोटं विमान रद्द झालं, तर मोठं तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय ऑक्सिजनची टाकी म्हणून जिला आपण ओळखतो ती पाठीवर बांधून डुबकी मारली असेल, तर त्यानंतर निदान एक दिवस विमानात बसायचं नसतं. तो दिवस मोकळा मिळाला, तर बंदरावरच्या चौकात संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे जेवा. हॉटेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.