फूल की दोन पाने?

मतदान म्हटले की आपल्याला उमेदवार आणि भोंग्याची गाडी आठवते. पण एक मतदान असे असते, की त्यात कोणीच निवडून येत नाही. लोकांना फक्त एक प्रश्न विचारतात. त्याला जनमत कौल म्हणतात.

16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात असा कौल झाला. गोवा 1961 साली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाला होता व केंद्रशासित प्रदेश होता. प्रश्न असा होता : गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासितच राहावे? विलीन होण्यासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. कोणी म्हणे, आम्ही मराठी लिहितो-वाचतो, तर महाराष्ट्रातच जावे. कोणी म्हणे, आमची कोकणी व आमच्या रीती निराळ्या, तर वेगळे राहावे. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर फुलाच्या बाजूचे होते. पण कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला.

दोन पानांना 1,72,191 मते मिळाली व फुलाला 1,38,170. म्हणजे 34,021 मतांचा फरक. गोवा वेगळा राहिला. 1987 साली त्याचे राज्य झाले. गंमत म्हणजे 1967 च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, तेव्हा बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा निवडून आला! मी विचारले, "गुरुजी, असं कसं?" गुरुजी म्हणाले, "माणूस आवडला म्हणून त्याचं सगळंच पटलं पाहिजे असं थोडंच आहे?"

मग गुरुजींनी वर्गातही कौल घेतला. रिकाम्या वाफ्यात फुलझाडे लावायची की पालेभाजी? मॉनिटर माझा दोस्त. तो म्हणाला, "फुलावरच खूण कर हं." मी विचार न करता केली. 25 चिठ्ठ्या निघाल्या. पालेभाजी 13, फुले 10. दोन चिठ्ठ्यांवर दोन्हीकडे खुणा होत्या, त्या बाद झाल्या. घरी आल्यावर मला वाटले, मेथी लावली तर खिचडीबरोबर भाजी मिळेल, हे माझ्या ध्यानातच आले नाही. मी माझे मत दिलेच नाही, मॉनिटरचे दिले. आता मेथीला पाणी घालायची पाळी माझीही असते. हरलो तरी वाफा सगळ्यांचाच ना!

आपल्या महाराष्ट्रातही गावातले दारूचे दुकान बंद करावे का, यावर मतदान होते. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. हे ठाऊक नसेल तर मत उलटेच पडायचे!

म्हणून भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आई-बाबांना माझी विनंती आहे. ग्रामसभेत हात वर करण्याआधी ठराव मोठ्याने वाचून घ्या. कोणी मांडला ते मागाहून बघा, काय मांडला ते आधी बघा.