देवळाचं दार आणि घरची विहीर



"पोरं देवळात यायला मागत नाहीत हो," ही तक्रार आपल्या वर्ध्यात सगळ्याच घरांतून ऐकू येते. रविवारी चर्चला जायला मुलांना उठवता उठवता कुणाच्या नाकी नऊ येतात, तर कुणाचा मुलगा विहारात जाऊनही मोबाइलमधून डोकं काढत नाही. गंमत म्हणजे तक्रार करणारे बहुधा स्वतः राबणारे असतात. भंडाऱ्यात ते पंगत वाढतात, नाताळच्या आधी मांडवाला उभे राहतात. आपण एवढं करतो, मग पोरांमध्ये ते का उतरत नाही, असं त्यांना वाटतं.

ज्याच्या पोरांमध्ये ते उतरलं, अशा एका बापाविषयी आज बोलू या. जमनालाल बजाज. त्यांचं नाव आपण इतक्या ठिकाणी वाचतो की माणूस मागेच पडला आहे. मुलांना आपण त्यांची ओळख 'मोठे उद्योगपती, मोठे दानशूर' अशी करून देतो. पोरगं मान हलवतं आणि विसरतं. मी असते तर शंभर रुपयांपासून सुरुवात केली असती. लहानपणी घरून खर्चायला मिळणारा रोजचा रुपया जमनालाल साठवत. टिळकांनी 'हिंदी केसरी' या पत्रासाठी मदत मागितली, तेव्हा त्यातून त्यांनी शंभर रुपये दिले. पुढे लाखांनी दिलं, पण त्या शंभरांचा आनंद वेगळाच होता, असं ते सांगत. आपल्या पोरांना दानपेटीत टाकायला आपण देतो ती नोट आपलीच असते. त्यात त्यांचं काय जातं?

राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यातून हा मुलगा वर्ध्याच्या बछराज शेठांकडे नातू म्हणून दत्तक आला. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. सतराव्या वर्षी एका लग्नाला दागिने घालून जायला त्याने नकार दिला, आजोबा संतापले, पैशावरून बोलले. मुलाने संपत्तीवरचा हक्क सोडतो असं पत्र लिहिलं आणि घराबाहेर पडला. त्याला समजावून परत आणलं गेलं, पण तेव्हापासून ती दौलत आपली नव्हे, आपण तिचे राखणदार, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. आपलं सतरा वर्षांचं पोरगं असं वागलं तर आपण काय म्हणू, याचा मी पुष्कळदा विचार करते. उत्तर फारसं शोभेसं येत नाही.

आता देऊळ. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर याच घराण्याचं. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते दलितांसाठी खुलं केलं, आणि विनोबा भावे यांच्या सोबतीने ती मंडळी आत गेली. तेव्हा देशात हे फार धाडसाचं होतं. सनातन्यांचा रोष आला, आपल्याच नात्यागोत्यातल्या लोकांची तोंडं फिरली. पण हा माणूस देवळापुरता पुढारलेला नव्हता. शेतातल्या, बागेतल्या विहिरीही त्याने खुल्या केल्या आणि जे अस्पृश्य मानले जात त्यांच्या पंगतीला जाऊन बसला. घरातल्या पाच मुलांना हे सगळं दिसत होतं. बाबा देवापुढे एक बोलतात आणि विहिरीवर दुसरंच वागतात, असं म्हणायला त्यांना जागाच उरली नाही. आपल्या पोरांना ती जागा भरपूर असते. चर्चमधून प्रेमाचा उपदेश ऐकून परतताना आपण रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून कसे बोलतो, हे मागच्या सीटवरचं पोरगं कान टवकारून ऐकत असतं.

बाप म्हणून ते सतत घरी होते असं मात्र नाही. तुरुंग, काँग्रेसचं काम, दौरे यांत वर्षं गेली. त्या काळात घर पत्नी जानकीदेवींनी पेललं. त्यांनी पडदा सोडला, दागिने उतरवले, परदेशी कापड जाळलं. 'कुटुंबवत्सल' म्हणून आपण ज्या पुरुषांची आठवण काढतो, त्यांच्या घरातल्या बाईचं नाव चौथ्या ओळीत येतं. मीही तिला इथवर थांबवलंच.

मुलांच्या बाबतीत जमनालालजींनी एक गोष्ट केली, जी मला फार कठीण वाटते. आपल्यापेक्षा चांगला शिक्षक त्यांनी शोधला आणि मुलं त्याच्या हाती दिली. कमलनयन आणि मदालसा विनोबांकडे शिकले. १९२६ मध्ये कमलाचं लग्न साबरमती आश्रमात साधेपणाने झालं. शेठजींच्या थोरल्या लेकीचं लग्न! धाकटा रामकृष्ण सतराव्या वर्षी सत्याग्रह करून तुरुंगात गेला, आणि बापाने त्याला अडवलं नाही. ते स्वतः तर गांधीजींना 'मला पाचवा मुलगा माना' म्हणाले होते. दत्तक आलेल्या पोराने मोठेपणी आपला बाप आपणच निवडला.

शेवटच्या दिवसांत जमनालालजी वर्ध्याजवळच्या गोपुरीला झोपडीत राहून गाईंची सेवा करत. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात अचानक गेले. जानकीदेवींनी आपल्या वाट्याचं धन गोसेवेला दिलं, पुढे भूदानाच्या काळात विहिरींसाठी कूपदान मागत हिंडल्या. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

येत्या सुट्टीत मुलांना घेऊन गोपुरीच्या गीताई मंदिरात जा. तिथे मूर्ती नाही, छत नाही, नुसत्या शिळांवर विनोबांची गीताई कोरली आहे. "हे कसलं देऊळ?" असं पोरं विचारतील. घाईने उत्तर देऊ नका. आधी त्यांना काय वाटतं ते विचारा, आणि शंभर रुपयांची गोष्ट परतीच्या वाटेवर सांगा.